नको असताना दिवस गेले, तर आधी काय तपासायचं?

पाळी चुकून दहा-बारा दिवस झाले की बहुतेकींच्या डोक्यात पहिला प्रश्न येतो, 'आता घरात काय सांगायचं?' दुसरा येतो, 'गोळ्या कुठल्या मेडिकलात मिळतील?' तब्येतीच्या हिशेबानं हे दोन्ही प्रश्न नंतरचे. आधीचे दोन वेगळेच आहेत: किती आठवडे झालेत, आणि गर्भ नक्की कुठं राहिलाय. ह्यांची उत्तरं हातात नसताना घेतलेला निर्णय, ठेवायचा असो की नसो, चाचपडतच घेतलेला असतो.

आपल्या बेळगावच्या सीमाभागात ही माहिती नीट पोचत नाही, ह्याचं एक कारण उघड आहे. दवाखान्यातला फलक कन्नडमध्ये, डॉक्टरांचा कागद इंग्रजीत, आणि मराठीत जे काही येतं ते नणंद-जावेच्या कुजबुजीतून. त्या कुजबुजीत कच्च्या पपईपासून 'पहिलं पाडलं तर परत राहत नाही' इथपर्यंत सगळं असतं, फक्त कामाचं थोडं असतं. म्हणून हा लेख.

आठवडे मोजायचे कुठून

डॉक्टर दिवस मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. संबंध कधी आला त्या तारखेपासून नव्हे. त्यामुळं ज्या दिवशी पाळी चुकते त्याच दिवशी कागदावर चार आठवडे पूर्ण झालेले असतात. पाळी चुकून महिना झाला असेल तर आठ. 'एकच महिना झालाय हो डॉक्टर' असं बाई सांगते आणि डॉक्टर आठ आठवडे लिहितात, तेव्हा दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नसतं. पण ह्या गैरसमजात बाईचे चार आठवडे जातात, आणि पुढचं सगळं त्या आठवड्यांवरच ठरतं.

नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी गर्भपात करता येतो. साधारण बारा आठवड्यांपर्यंत नळीनं ओढून पिशवी रिकामी करता येते. त्याच्या पुढं गर्भपात होतो, कायद्यानंही होतो, पण दवाखान्यात राहावं लागतं, रक्तस्राव जास्त होऊ शकतो, भूलही मोठी लागू शकते आणि खर्च वाढतो. बाराव्या आठवड्याच्या आधीचा गर्भपात योग्य हातांनी झाला तर फार सुरक्षित असतो, इतका की पूर्ण दिवस भरून होणाऱ्या बाळंतपणापेक्षा त्यात जिवाचा धोका कित्येक पटींनी कमी असतो. धोका वाढतो तो दिवस जाऊ दिल्यानं, आणि दिवस जातात ते लाजेपायी, पैशापायी, नवरा गोव्याहून सुटीवर येण्याची वाट बघण्यात.

काहींचा हिशेब मात्र लाजेमुळं नव्हे, शरीरामुळंच चुकतो. अंगावर पाजणाऱ्या बाईला पाळी आलेली नसतानाही दिवस जाऊ शकतात, कारण बीज पाळीच्या आधी तयार होतं. पहिल्या सहा महिन्यांत, बाळाला दिवसरात्र फक्त अंगावरचंच पाजत असाल आणि पाळी एकदाही आली नसेल, तेवढ्यापुरतंच पाजण्यावर विसंबता येतं. वरचं दूध सुरू झालं की तो भरवसा संपला. दुसऱ्या आहेत चाळिशी ओलांडलेल्या. त्रेचाळीस-चव्वेचाळीसाव्या वर्षी पाळी चुकली की ती जायची वेळ आली असंच सगळ्या समजतात, आणि घरात सून आलेली असताना चौथ्या महिन्यात पोट दिसायला लागतं. अशी बाई कुणाला सांगणार? तिला लघवीची तपासणी करायचं कुणी सुचवत नाही, डॉक्टरही कधीकधी नाहीत. शंका आली तर पन्नास-शंभर रुपयांची पट्टी आणा आणि सकाळच्या पहिल्या लघवीवर बघा. एवढ्यानं अर्धा घोळ मिटतो.

तिसऱ्या आहेत ऑपरेशन झालेल्या. कर्नाटकात पाळणा लांबवायचा किंवा थांबवायचा म्हणजे बाईचं ऑपरेशन हेच मुख्य साधन आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या निम्म्याहून जास्त विवाहित बायकांनी ते करून घेतलेलं दिसतं. हे ऑपरेशन क्वचित फसतं, पण फसलं तर तो गर्भ पिशवीत न राहता बीज पिशवीत आणणाऱ्या नळीत राहण्याची शक्यता इतर बायकांपेक्षा जास्त असते. ऑपरेशन झालेलं असून पाळी चुकली आणि पोटात एका बाजूला दुखतंय, तर त्या दिवशीच डॉक्टर गाठायचा.

गर्भ कुठं आहे

नळीत राहिलेला गर्भ वाढत गेला की नळी फुटते आणि पोटात रक्तस्राव होतो. सर्वसाधारणपणे शंभरात एक-दोन गर्भ असे असतात. म्हणजे दुर्मीळ म्हणून सोडून देण्याइतके कमी नाहीत. पूर्वी ओटीपोटात जंतुसंसर्ग झालेला असेल, नळीचं काही ऑपरेशन झालेलं असेल, आधी एकदा गर्भ नळीत राहिलेला असेल किंवा तांबी बसवलेली असताना दिवस गेले असतील, तर शक्यता वाढते.

इथं गोळ्यांची सगळ्यांत मोठी फसगत होते. गर्भपाताच्या गोळ्या नळीतल्या गर्भावर काम करत नाहीत. बाई गोळ्या घेते, थोडं रक्त जातं, तिला वाटतं झालं मोकळं. आत नळी ताणत राहते. मग एक दिवस शेतात किंवा बसस्टँडवर चक्कर येऊन पडते. एका बाजूला सहन न होणारं दुखणं, खांद्याच्या टोकाला कळ, घेरी, अंग गार पडणं ही त्याची लक्षणं. असं झालं तर १०८ ला फोन करायचा आणि मोठ्या रुग्णालयातच जायचं, गावातल्या डॉक्टरकडून पोटदुखीचं इंजेक्शन घेऊन घरी थांबायचं नाही.

गर्भ पिशवीत आहे की नाही हे खात्रीनं सांगते ती सोनोग्राफी. फार लवकर, म्हणजे पाळी चुकल्या-चुकल्या केली तर काहीच दिसत नाही आणि आठवड्यानं परत बोलावतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

पण आपल्याकडं बायका सोनोग्राफीला बिचकतात, आणि ते मला समजतं. सेंटरमध्ये शिरतानाच 'इथं गर्भलिंग तपासणी केली जात नाही, तो गुन्हा आहे' अशी पाटी. ओळखपत्र मागतात, फॉर्म एफ भरून घेतात. ह्यावरून पुष्कळांनी असा अर्थ काढलाय की गर्भपातावरच बंदी आहे आणि आपलं नाव पोलिसांकडं जाणार. तसं नाही. फॉर्म एफ प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीला भरतात, सात मुलं हवी असणारीच्याही. १९९४ चा कायदा बंदी घालतो ती मुलगा की मुलगी हे बघण्यावर. गर्भपाताचा कायदा वेगळा आहे, १९७१ चा, आणि तो परवानगी देणारा कायदा आहे.

ही गल्लत होण्यामागं आपल्या भागाचा इतिहासही आहे. मार्च २०१७ मध्ये म्हैसाळला, म्हणजे कागवाडच्या पलीकडं मिरज तालुक्यात, गर्भपातात एक तरुण बाई दगावली आणि तपासात पुरलेले १९ भ्रूण निघाले. गर्भपात करणारा होमिओपॅथीचा डॉक्टर होता. जून २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात मूडलगीला टाकून दिलेले सात भ्रूण सापडले. अशा प्रत्येक बातमीनंतर धाडी पडतात, आणि धास्ती बसते ती कायदेशीर काम करणाऱ्या डॉक्टरांना आणि औषध दुकानदारांनाही. कुणी कागदपत्रांच्या कटकटीला कंटाळून गर्भपाताचं काम बंद करतो, कुणी गोळ्या ठेवणं सोडतो. मुलगी म्हणून गर्भ पाडणं हा गुन्हा आहे आणि तो थांबलाच पाहिजे, ह्यात मला दोन मतं दिसत नाहीत. पण त्याचा बडगा पाचव्या आठवड्यात आलेल्या बाईवर बसतो, हेही खरं आहे. पाचव्या, सहाव्या, आठव्या आठवड्यात सोनोग्राफीत लिंग दिसतच नाही. लवकर येणाऱ्या बाईवर त्याचा संशय घ्यायला जागाच नसते.

गोळ्या: कुणाला चालतात, कुणाला नाही

पाळी चुकल्यावर मिळणारी गर्भपाताची गोळी आणि जाहिरातीत दिसणारी 'बहात्तर तासांची गोळी' ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी संबंधानंतर तीन दिवसांच्या आत घ्यायची असते, ती गर्भ राहू नये म्हणून असते. गर्भ राहिल्यावर तिचा उपयोग नाही आणि अपायही नाही.

गर्भपाताच्या किटमध्ये दोन औषधं असतात. पहिलं, मिफेप्रिस्टोन, गर्भाला टिकवून धरणाऱ्या संप्रेरकाचं काम थांबवतं. दुसरं, मिसोप्रोस्टॉल, एक-दोन दिवसांनी घेतात, त्यानं पिशवी आकुंचन पावते आणि गर्भ बाहेर पडतो. नऊ आठवड्यांच्या आत नीट घेतल्या तर शंभरातल्या पंच्याण्णवहून जास्त जणींचं काम पूर्ण होतं. उरलेल्यांना पिशवी रिकामी करून घ्यावी लागते. म्हणजे गोळ्या सुरू करतानाच गरज पडली तर पुढं कुठं जायचं हे ठरलेलं हवं.

हीच गोष्ट खानापूरच्या जंगलपट्टीत जीवघेणी ठरू शकते. आमगावसारख्या भीमगड अभयारण्याच्या आतल्या गावांत पावसाळ्यात नाले भरले की रस्ताच उरत नाही, आजारी माणसाला खांद्यावरून आणावं लागतं. तिथल्या बाईनं जुलै महिन्यात घरी बसून गोळ्या घेणं आणि बेळगाव शहरात टिळकवाडीतल्या बाईनं घेणं ह्यात गोळी तीच असली तरी धोका तोच नाही. अशा गावातली बाई असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा की मी इतकी लांब राहते. दोन दिवस बेळगावात कुणाकडं तरी राहून गोळ्या घेणं किंवा गोळ्यांऐवजी नळीची प्रक्रिया करून संध्याकाळी मोकळं होऊन जाणं, हे दोन्ही तिला जास्त बरं.

दुसरी बाब रक्ताची. त्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणं देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांना पंडुरोग आहे, म्हणजे अंगात रक्त कमी आहे. निपाणीत विड्या वळणारी, वडगावात मागावर बसणारी, ऊसतोडीला आलेली, ह्यांतल्या कितीजणींनी गेल्या वर्षभरात हिमोग्लोबिन तपासलं असेल? गोळ्यांनी होणारा रक्तस्राव पाळीपेक्षा जास्त असतो आणि तो आठ-दहा दिवस, कधी त्याहून जास्त चालतो. बारा हिमोग्लोबिन असणारी ते सहज पेलते, सातवाली कोसळते. सरकारच्या मार्गदर्शनानुसार हिमोग्लोबिन ८ च्या खाली असेल तर गोळ्यांचा मार्ग घ्यायचा नाही. ही तपासणी सरकारी दवाखान्यात होते आणि तिला काही मिनिटं लागतात. ती न करता गोळ्या देणारा कुणीही असो, मेडिकलवाला किंवा डॉक्टर, त्याच्याकडून घेऊ नका.

पूर्वी सिझर झालं असेल तर तेही सांगायचं. लवकरच्या आठवड्यांत सिझर झालेल्या बाईला गोळ्या चालतात, मात्र गर्भ जुन्या टाक्याच्या जागीच रुजलेला नाही ना हे सोनोग्राफीत बघावं लागतं. चौथ्या-पाचव्या महिन्यात मात्र सिझरच्या पिशवीवर हीच औषधं देताना पिशवी फाटण्याची भीती असते, म्हणून तेव्हा रक्तपेढी आणि ऑपरेशनची सोय असलेल्या ठिकाणीच. तांबी आत असेल तर आधी काढावी लागते. दम्यासाठी किंवा दुसऱ्या कशासाठी बरेच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, रक्त गोठत नसल्याचा आजार असेल, हृदयाचा त्रास असेल, तर गोळ्या परस्पर घ्यायच्याच नाहीत.

रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचा प्रश्न येतो. बाळाचं रक्त पॉझिटिव्ह असलं तर आईच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिकार तयार होऊ शकतो आणि पुढच्या बाळाला त्रास होऊ शकतो. बारा आठवड्यांनंतर हे इंजेक्शन लागतंच. त्याआधी द्यावं की नाही ह्यावर मतं बदलत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या सूचनेनुसार बारा आठवड्यांच्या आत ते देण्याची गरज नाही, पण आपल्याकडं बरेच डॉक्टर देतात. तुमचा गट माहीत असणं हे तुमचं काम, पुढचं त्यांच्यावर सोडा.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. गोळ्या घेतल्या, पण गर्भ पडलाच नाही आणि वाढत राहिला, तर 'राहू दे मग, देवाची इच्छा' म्हणून तो तसाच पुढं नेणं सोपं नाही. मिसोप्रोस्टॉलमुळं बाळात व्यंग येण्याचा धोका वाढतो. म्हणून दोन आठवड्यांनी परत दाखवायला जाणं टाळू नका. लघवीची पट्टी त्यासाठी पुरेशी नाही, गर्भ पडल्यानंतरही ती तीन-चार आठवडे दोन रेघा दाखवू शकते.

किती रक्त म्हणजे जास्त, ह्याचं मोजमाप असं. दोन मोठे पॅड एका तासात पूर्ण भिजले आणि सलग दोन तास असंच चाललं, तर थांबायचं नाही. मिसोप्रोस्टॉल घेतल्या दिवशी थंडी वाजून ताप येतो, जुलाब होतात, ते औषधाचंच आहे. पण दुसऱ्या दिवशीही ताप राहिला, अंगावरून जाणाऱ्या पाण्याला घाण वास यायला लागला, पोटातलं दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, तर जंतुसंसर्ग समजायचा. आणि गोळ्या घेऊन रक्त अजिबातच गेलं नाही तर तेही चांगलं लक्षण नव्हे. मेडिकलातून परस्पर आणून घेतल्या असतील तरी दवाखान्यात गेल्यावर खरं सांगा, काय घेतलं, किती, कधी. ओरडा खावा लागेल कदाचित. पण डॉक्टरला खरं माहीत नसलं तर उपचार चुकीच्या दिशेनं जातात.

झाडपाला, काढा, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे आत काडी घालणं, ह्यांबद्दल एवढंच लिहिते की त्यातून धनुर्वात, पिशवीला भोक आणि रक्तात जंतू पसरणं हे सगळं होतं. पपई खाऊन काही होत नाही, फक्त आठवडे वाया जातात.

'पिशवी धुणं' म्हणतात ते

गोळ्या नको असतील, चालत नसतील किंवा नऊ आठवडे उलटले असतील, तर नळीची पद्धत. गर्भाशयाच्या तोंडाशी बधिर करून किंवा हलकी भूल देऊन बारीक नळी आत घालतात आणि हातपंपानं किंवा यंत्रानं आतलं ओढून घेतात. प्रत्यक्ष काम दहा-पंधरा मिनिटांचं. जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून प्रतिजैविक देतात, काही तास थांबवून घेतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. जुन्या पद्धतीत धातूच्या चमच्यासारख्या हत्यारानं पिशवी खरवडत, त्याला आपण क्युरेटिंग म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेनं ती पद्धत सोडून नळीची वापरायला केव्हाच सांगितलंय. तुम्ही विचारू शकता, 'डॉक्टर, नळीनं करणार की खरवडून?' उर्मटपणा नाही त्यात.

ह्यानं पुढं मूल होत नाही ही सगळ्यांत घट्ट बसलेली समजूत आहे, विशेषतः पहिलटकरणीच्या बाबतीत. सासवा सांगतात, आणि खेदाची गोष्ट म्हणजे काही दवाखान्यांतही सांगतात. स्वच्छ, वेळेत, शिकलेल्या हातांनी केलेल्या गर्भपातानं मूल होण्याची क्षमता जात नाही. ती जाते ती जंतुसंसर्गानं नळ्या बंद झाल्या तर, किंवा पिशवी फार खरवडली गेली तर. म्हणजे आजीनं पाहिलेली उदाहरणं खरी असतील, पण ती वाईट गर्भपाताची होती.

सही कुणाची लागते

सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, गर्भपाताचा कायदा मात्र सीमेच्या अलीकडं-पलीकडं एकच. त्यामुळं चिकोडीची बाई कोल्हापूर-मिरजेला गेली किंवा चंदगडची बेळगावात आली तरी तिचा हक्क बदलत नाही.

अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बाईच्या गर्भपाताला फक्त तिची स्वतःची लेखी संमती लागते. नवऱ्याची नाही, सासूची नाही, बापाची नाही. तरी दवाखाने नवऱ्याची सही मागतात, उद्या कुणी भांडायला येऊ नये म्हणून. कायद्यात ती अट नाही, हे शांतपणे सांगता येतं, आणि नाही ऐकलं तर दुसरीकडं जाता येतं. संमतीचा कागद कन्नड किंवा इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून मागा, त्याशिवाय सही करू नका.

आपल्या कायद्यात 'मला नको आहे' एवढंच कारण पुरेसं धरलेलं नाही, शेवटी मत डॉक्टरांचं असतं. पण २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं आणि गर्भनिरोधक साधन फसलं हे कारण ग्राह्य आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ते अविवाहित बाईलाही लागू आहे. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि ती मुभा ठरावीक बायकांना आहे: बलात्कारपीडित, अल्पवयीन, ह्या गरोदरपणात विधवा झालेली किंवा घटस्फोट झालेली, अपंग, मानसिक आजार असलेली, गर्भात व्यंग असलेली, अशा. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं अविवाहितांनाही ह्यातून वगळता येणार नाही असं सांगितलं, आणि गर्भपाताच्या कायद्यापुरता नवऱ्यानं केलेला बलात्कारही बलात्कारच धरला. चोवीसच्या पुढं गर्भातल्या गंभीर व्यंगासाठी वैद्यकीय मंडळ ठरवतं. बाईचा जीवच धोक्यात असेल तर आठवड्यांची मर्यादा आड येत नाही.

मुलगी अठराच्या आतली असेल तर पालकाची संमती लागते आणि डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं. ह्या भीतीनं लहान मुलींना घरीच काहीतरी घेऊन दिलं जातं. त्याच निकालात कोर्टानं म्हटलंय की मुलीनं आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरनं पोलिसांना कळवताना तिचं नाव उघड करण्याची गरज नाही. हे डॉक्टरांना माहीत नसेल तर त्यांना सांगावं लागेल.

नाव गुप्त ठेवणं हे डॉक्टरचं कायदेशीर कर्तव्य आहे, मोडलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गर्भपात करायला परवानगी मिळालेल्या खासगी दवाखान्यात तसं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असतं. ते बघा. आयुर्वेद किंवा होमिओपॅथीच्या डॉक्टरला ही परवानगी नाही, मग तो गावात कितीही वर्षं हात बघत असो. प्रत्येक सरकारी दवाखान्यात ही सोय नसते, पण बेळगावात बिम्सचं जिल्हा रुग्णालय आहे, ज्याला आपण अजून सिव्हिलच म्हणतो, आणि मराठीत बोललं तर तिथं अडत नाही.

ठेवायचं ठरलं तर

निर्णय घ्यायला बसल्यावर पुष्कळ बायका ज्या कारणानं घाबरून गर्भपाताकडं वळतात ते कारण कच्चं असतं. 'माहीत नव्हतं, तापाच्या गोळ्या घेतल्या', 'दाताचा एक्स-रे काढला', 'बहात्तर तासांची गोळी घेतली तरी राहिलं'. ह्यांतल्या कशासाठीही गर्भ पाडायची गरज नसते. काही औषधांबाबत मात्र तातडीनं बोलायला हवं: फिट्सवरचं व्हॅलप्रोएट, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन, संधिवातासाठी देतात ते मेथोट्रेक्सेट. फिट्सची गोळी मात्र मनानंच बंद करू नका, त्यानं जास्त बिघडतं.

मागचं मूल वर्षाचंही नसेल, दोन सिझर झालेले असतील, बीपी किंवा साखर असेल, वय अठराच्या आत किंवा चाळीसच्या पुढं असेल, तर बाळंतपण जोखमीचं आहे पण अशक्य नाही. आशा ताईकडं नाव लवकर नोंदवून तायी कार्ड, म्हणजे गरोदर बाईचं सरकारी नोंदणी कार्ड, घ्या, फॉलिक अ‍ॅसिड सुरू करा आणि दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते तिथं जा. २०१८ ते २० ह्या काळात कर्नाटकात एक लाख जिवंत जन्मांमागं ६९ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३. तेव्हा बाळंतपण म्हणजे नैसर्गिक, गर्भपात म्हणजे धोक्याचा, असं सरसकट मानून चालत नाही. दोन्हीकडं धोका आहे, आणि तुमच्या शरीरात कुठला किती हे तपासल्यावरच कळतं.

आठवडे फार पुढं गेलेत आणि मूल वाढवणं शक्य नाही, तर कायदेशीरपणे ते बालकल्याण समितीमार्फत दत्तकासाठी देता येतं. दिल्यानंतर आईला फेरविचाराला ६० दिवस मिळतात.

मनाचं काय? अमेरिकेत गर्भपात मिळालेल्या आणि नाकारला गेलेल्या बायकांचा पाच वर्षं पाठपुरावा करणारा एक मोठा अभ्यास झालाय. गर्भपात मिळालेल्यांतल्या बहुसंख्य जणींना तो निर्णय पाच वर्षांनंतरही बरोबर वाटत होता. आपली परिस्थिती वेगळी, आपल्याकडं एकत्र कुटुंब आणि गावाची जीभ असते. पण रडू आलं म्हणजे निर्णय चुकला असं नव्हे, आणि रडू आलं नाही म्हणजे बाई निर्दय असंही नव्हे. जिच्यावर कुणी जबरदस्ती केली, ठेवायला लावलं किंवा पाडायला लावलं, तिला जास्त जड जातं. म्हणून डॉक्टरांशी बोलताना दोन मिनिटं तरी एकटीनं बोलायला मागा. १४४१६ ह्या टेली-मानस क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही आणि कन्नडमध्येही.

त्यानंतर

गर्भपातानंतर दोन आठवड्यांच्या आतच पुन्हा बीज तयार होऊ शकतं, पुढची पाळी यायच्या आधी. 'आता पाळी आल्यावर बघू' म्हणणारी बाई दोन महिन्यांत परत त्याच बाकावर बसलेली असते. नळीची प्रक्रिया झाली की त्याच वेळी तांबी बसवता येते, वेगळा हेलपाटा नको. सरकारी दवाखान्यात पाळणा लांबवण्यासाठी तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन आणि छाया गोळ्या फुकट मिळतात. छाया गोळी संप्रेरकाची नसते, त्यामुळं अंगावर पाजणाऱ्या बाईलाही चालते. नवऱ्याची नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी आणि कमी धोक्याची आहे, तरी आपल्याकडं ती होतच नाही म्हटलं तरी चालेल. ह्या विषयावर नवऱ्यांसाठी वेगळं लिहायला हवं, ते वाचतील की नाही ही शंका बाजूला ठेवून.

लोहाच्या गोळ्या किमान तीन महिने घ्या, चहाबरोबर नको. अंगावरून जायचं थांबेपर्यंत संबंध टाळा. आणि दोन आठवड्यांनी दाखवायला जायची तारीख तांदळाच्या डब्यावर का होईना, लिहून ठेवा.